अस्सापर्यंतची पायवाट
(कामाच्या धकाधकीत देहाचे कारभारीपण : एक अभ्यास)

वाचनासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २०:७-१६, १ राजे १९:१-८, १ करिंथ ६:१९-२०, १ तीमथ्य ४:१-८

आपल्यापैकी कोणालाही विचारावे, "आपण काही व्यायाम करता का?" तर उत्तर बहुधा ठरलेले असते : "इच्छा पुष्कळ आहे, पण वेळच मिळत नाही." हे उत्तर खोटे नसते. पहाटे उठून डबा करायचा, गाडी गाठायची, दिवसभर कचेरीत, शाळेत, इस्पितळात किंवा कारखान्यात राबायचे, परतीच्या गर्दीत उभे राहून घरी यायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा, घरातील वृद्धांकडे पाहायचे. त्यातच आठवड्याची प्रार्थनासभा, गायकवृंदाची तालीम, रविवारची उपासना आणि उपासनेनंतरची कमिटीची बैठक. अशा दिवसात व्यायामासाठी वेगळा तास आणायचा कोठून?

या विषयावर लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे. जवळजवळ तीस वर्षे मी टेबलाशी बसून नोकरी केली. सायंकाळी आणि रविवारी मंडळीचे हिशेब, पत्रव्यवहार व बैठका असत, त्याही बसूनच. पन्नाशी उलटल्यावर रक्ततपासणीत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी विचारले, "दिवसातून चालता किती?" मी सांगू लागलो की नोकरी अशी, मंडळीची जबाबदारी अशी, अमुक कमिटी, तमुक कमिटी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी कामे विचारली नाहीत, चालणे विचारले." त्या दिवशी घरी परतताना एक गोष्ट मनाला फार लागली. देवाने दिलेल्या देहाची मी हेळसांड करीत होतो, आणि ती झाकण्यासाठी देवाच्याच कामाचे निमित्त पुढे करीत होतो.

म्हणून हा अभ्यास केवळ आरोग्याचा नाही. आपण ज्याला 'वेळ नाही' म्हणतो, त्याकडे शास्त्राच्या प्रकाशात पुन्हा एकदा पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१. घाईत असलेला प्रेषित पायी गेला

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात एक लहानसे वचन आहे. वाचताना आपण ते सहसा ओलांडून पुढे जातो. पौल आणि त्याचे सोबती त्रोवस येथे सात दिवस राहिले होते. शेवटच्या रात्री पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले, युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात खिडकीतून खाली पडला, आणि त्यानंतरही पहाटेपर्यंत बोलणे चालूच राहिले. ही घटना सर्वांना ठाऊक असते. पुढे तेराव्या वचनात लूक सांगतो की आम्ही तारवात बसून अस्साकडे निघालो. पौलाला मात्र तेथे तारवात घ्यायचे होते, कारण त्याने स्वतः पायी जाण्याचे ठरविले होते.

त्रोवस आणि अस्सा ही दोन्ही ठिकाणे आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य किनाऱ्यावर आहेत. रस्त्याने त्यांच्यामधील अंतर सुमारे ३० ते ३५ किलोमीटर भरते. समुद्रमार्गे जाणाऱ्या तारवाला मात्र मध्ये पुढे आलेल्या भूशिराला वळसा घालावा लागे; म्हणून जलमार्ग लांबचा होता. पौलाने जमिनीवरची जवळची वाट धरली आणि अस्सा येथे तो सोबत्यांना जाऊन मिळाला.

तो पायी का गेला? लूक कारण देत नाही, आणि जे शास्त्रात लिहिलेले नाही ते आपण त्याच्या तोंडी घालू नये. कोणी म्हणतात त्याला एकांत हवा होता. कोणी म्हणतात त्याला सागरप्रवास टाळायचा होता. हे सर्व तर्क आहेत. परंतु दोन गोष्टी शास्त्रभागातून स्पष्ट दिसतात.

पहिली अशी की पौल त्या वेळी अतिशय घाईत होता. सोळाव्या वचनात लूक सांगतो की शक्य झाल्यास पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत असावे, म्हणून तो धावपळ करीत होता. ज्या इफिसात त्याने आपल्या सेवेची काही वर्षे घालविली, त्या शहरात जाण्याचेही त्याने टाळले आणि तेथील वडिलांना मिलेत येथे बोलावून घेतले. म्हणजे हा रिकामटेकड्या माणसाचा फेरफटका नव्हता. आपल्या कोणाच्याही दिनदर्शिकेपेक्षा पौलाची दिनदर्शिका अधिक भरलेली होती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या पायी प्रवासामुळे त्याचा एकही दिवस वाया गेला नाही. तारू वळसा घालून यायचेच होते. प्रवास करायचाच होता. पौलाने वेगळा वेळ काढला नाही. जो वेळ प्रवासात जाणारच होता, तो त्याने बसून न घालविता चालून घालविला.

या अभ्यासाचा सारा आशय येथेच आहे. आपण व्यायामासाठी नवा तास शोधतो. तो सापडत नाही, आणि आपण निराश होऊन खुर्चीवर बसतो. परंतु जो वेळ जाणारच आहे, त्यातील किती भाग आपल्याला 'पायी' घालविता येईल, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

२. "पण पौलानेच तर तसे लिहिले आहे!"

येथे कोणी विचारील, शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच, आणि सुभक्ती मात्र सर्व बाबतींत उपयुक्त, असे पौलाने तीमथ्याला लिहिले आहे ना? (१ तीमथ्य ४:८) होय, लिहिले आहे. आणि अनेक सुजाण विश्वासणाऱ्यांनी या वचनाचा आधार घेऊन देहाकडे दुर्लक्ष केले आहे. म्हणून हे वचन त्याच्या संदर्भात वाचणे अगत्याचे आहे.

त्याच अध्यायाच्या आरंभी पौल कोणाविरुद्ध लिहितो ते पाहावे. लग्न करू नका, अमुक अन्न खाऊ नका, असे शिकविणारे काही लोक मंडळीत शिरले होते. त्यांच्या मते देह व देहाच्या गरजा या हीन गोष्टी होत्या. पौल त्यांना ठामपणे उत्तर देतो की देवाने निर्माण केलेली प्रत्येक गोष्ट चांगली आहे. जो लेखक चौथ्या वचनात सृष्टीला चांगली म्हणतो, तोच आठव्या वचनात देहाला तुच्छ कसा म्हणेल? तो दोन गोष्टींची तुलना करीत आहे. कसरतीचा लाभ या जीवनापुरता. सुभक्तीचा लाभ या जीवनात आणि येणाऱ्या जीवनातही. थोडा लाभ म्हणजे शून्य लाभ नव्हे. शंभर रुपयांपुढे दहा रुपये थोडे आहेत, म्हणून ते कोणी रस्त्यावर टाकून देत नाही.

याच पौलाने करिंथकरांना देहाविषयी किती उच्च विचार सांगितला आहे! तुमचा देह हे पवित्र आत्म्याचे वसतिस्थान आहे. तुम्ही स्वतःचे मालक नाही. तुम्हाला मोल देऊन घेतले आहे. म्हणून देहाने देवाचे गौरव करा, असा त्या उपदेशाचा भाव आहे (१ करिंथ ६:१९-२०). तेथील मूळ प्रसंग अनीतीचा आहे, व्यायामाचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ज्या तत्त्वावर पौल उभा आहे ते व्यापक आहे : देह माझा नाही, मी त्याचा कारभारी आहे. उपासना मंदिराचे छप्पर गळू लागले तर आपण वर्गणी गोळा करतो. मग देवाने स्वतः ज्यात वस्ती केली, ती इमारत खचत असताना आपण स्वस्थ कसे बसतो?

एलीयाची गोष्टही येथे आठवावी. ईजबेलच्या धमकीने तो रानात पळाला आणि झाडाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला त्या क्षणी उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताच्या हातून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. आणि मग होरेब पर्वतापर्यंतच्या दीर्घ वाटेवर चालावयास लावले. संदेष्ट्याच्या आत्म्याशी बोलण्यापूर्वी देवाने त्याच्या देहाची काळजी घेतली. विश्रांती, अन्न आणि चालणे हा देवाने लावून दिलेला क्रम आहे. चालणे हवे म्हणून झोप कापावी, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

३. बसून राहण्याने काय होते?

बैठ्या कामाचे परिणाम वैद्यकशास्त्राच्या ध्यानात एका साध्या निरीक्षणातून आले. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या वैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. गाडी तीच, रस्ते तेच, शहराची हवाही तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिने चढत-उतरत असलेला. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाड्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी तो कमी घातक ठरत होता. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक आढळला. ध्यानात घ्यावे की कंडक्टर कोणत्याही आखाड्यात जात नव्हता. त्याचा व्यायाम त्याच्या कामातच होता.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. आपल्या देहातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत व नितंबांत असतात. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर ओढून घेऊन इंधनासारखी वापरतात. यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटही पाहावी लागत नाही. आपण तासन् तास बसतो तेव्हा हे स्नायू जवळजवळ निद्रिस्त असतात आणि साखर रक्तात रेंगाळते. पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तेही बसल्याने थंडावतात. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी साखरेची चढ कमी होते. जेवणानंतर शतपावली करावी, हा आपल्या वाडवडिलांचा सांगावा निराधार नव्हता.

भारतीयांसाठी ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. पाश्चात्त्य लोकांच्या तुलनेने आपल्याला मधुमेह कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. स्त्रियांच्या या आकड्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

४. किती हालचाल पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक जोराची. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम असावेत : उठाबशा, वजन उचलणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे इत्यादी. १५० मिनिटे म्हणजे आठवड्याचे पाच दिवस रोज अर्धा तास.

मध्यम श्रम कसा ओळखावा? चालताना आपल्याला सोबत्याशी बोलता यावे, परंतु गीत म्हणता येऊ नये, एवढा वेग असावा. उपासना संगीताचे एखादे कडवे सहज म्हणता येत असेल तर पाऊल थोडे उचलावे; बोलणेही अशक्य होत असेल तर वेग कमी करावा. या मोजमापाला कोणतेही यंत्र लागत नाही.

दिवसाला दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असा एक समज आहे. तो आकडा मूळचा वैद्यकीय नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे माप' असा होता, आणि तेथून तो आकडा जगभर पसरला. त्याहून कमी पावलांनीही लाभ होतो. म्हणून त्या आकड्याच्या धाकाने कोणी प्रयत्नच सोडून देऊ नये.

कामात गुंतलेल्या माणसासाठी सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी सांगितले जाई की हालचाल सलग दहा मिनिटे तरी असावी, तरच ती मोजावी. २०२० च्या मार्गदर्शनात ही अट उरली नाही. जिना चढण्याची दोन मिनिटेही जमेस धरली जातात. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या कंडक्टरांनी जे दाखविले होते, तेच आता तज्ज्ञ मंडळी सांगत आहेत : थोडेथोडे, दिवसभर, कामातच.

५. आपापल्या कामातील वाट

सर्वांचे काम सारखे नसते, म्हणून सर्वांना एकच उपदेश लागू पडत नाही.

जे टेबलाशी बसतात, त्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठण्याचा नेम करावा. टेलिफोनवर बोलायचे ते उभे राहून किंवा येरझाऱ्या घालीत बोलावे. शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला निरोप धाडण्याऐवजी स्वतः जावे. पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवण्याऐवजी लहान पेला ठेवावा, म्हणजे भरण्यासाठी वारंवार उठावे लागते. लिफ्ट असली तरी दोन-तीन मजले जिन्याने जावे. जेवणाच्या सुट्टीतील दहा मिनिटे चालण्यासाठी राखावीत.

जे बस, लोकल किंवा मेट्रोने जातात, त्यांनी एक थांबा आधी उतरून पाहावे. जाता-येता बारा-बारा मिनिटे चालणे झाले तर दिवसाची चोवीस मिनिटे होतात, आणि पाच दिवसांची एकशेवीस. आठवड्याचा बहुतेक हिशेब तेथेच पुरा होतो. घरी पोहोचण्यास थोडा उशीर होईल. परंतु गर्दीच्या रस्त्यावर बस जितका वेळ तुंबून राहते, त्याच्याशी तुलना करता तो उशीर फारसा नसतो.

परिचारिका, शिक्षक, दुकानातील व कारखान्यातील कामगार यांचा दिवस उभ्याने जातो. त्यांना वाटते, आपला व्यायाम झाला. केवळ उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. एका जागी ताटकळल्याने पाय सुजतात व शिरा फुगतात. त्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले चालावे, आणि सुट्टीच्या वेळी पाय उंच ठेवून बसावे. ट्रक, रिक्षा किंवा टॅक्सी चालविणाऱ्या बांधवांनी प्रत्येक थांब्यावर खाली उतरून गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्यात.

ज्यांचे पोट अंगमेहनतीवर चालते, जे दिवसभर ओझी वाहतात, खणतात, बांधतात, त्यांना मात्र हा पाठ वाचून दाखवू नये. त्यांना व्यायामाची नव्हे, विश्रांतीची व पोटभर अन्नाची गरज आहे. प्रभूने थकलेल्या शिष्यांना एकांती जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले (मार्क ६:३१). आणि तो स्वतः प्रवासाने दमला तेव्हा याकोबाच्या विहिरीवर बसला (योहान ४:६). चालणाऱ्या प्रभूला बसणेही ठाऊक होते.

पाळकांसाठी एक शब्द विशेष आदराने लिहितो. वाचन, लेखन, बैठका, आणि घरोघरी भेटी देताना प्रत्येक ठिकाणी पुढे येणारा गोड चहा, अशी त्यांची दिनचर्या असते. पूर्वीचे पाळक खेडोपाडी पायी फिरत. आज दुचाकी आहे. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांच्याइतका कामात बुडालेला सेवक विरळा. त्यांचे आयुष्य घोड्यावर बसून गावोगाव प्रवास करण्यात गेले, आणि त्या प्रवासातच ते वाचनही करीत. १७४७ साली त्यांनी सामान्य लोकांसाठी आरोग्यावर एक पुस्तक लिहिले. ज्याला झेपेल त्याच्यासाठी चालणे हाच सर्वोत्तम व्यायाम, असे मत त्यांनी त्यात दिले आहे. आठवड्यातील दोन भेटी तरी पायी देता येतील का, याचा विचार आपल्या पाळकांनी करावा. आणि मंडळीने चहात साखर कमी घालून त्यांना साहाय्य करावे.

६. घर आणि मंडळी

आता स्त्रियांविषयीच्या त्या आकड्याकडे वळू. शंभरपैकी सत्तावन्न स्त्रियांची हालचाल अपुरी, असे ऐकून पुष्कळ पुरुष म्हणतील, "घरकामात त्या दिवसभर फिरतच असतात की!" घरातील ये-जा आणि ओट्यापाशी उभे राहणे यांमुळे थकवा येतो हे खरे, परंतु हृदयाला व फुप्फुसांना बळ येईल असा श्रम त्यात नेहमी असतोच असे नाही. नोकरी करणारी बहीण तर कचेरीत आठ तास बसते आणि घरी येऊन चार तास ओट्यापाशी उभी राहते. तिला 'सकाळी लवकर उठून फिरावयास जात जा' असे सांगणे म्हणजे तिच्या झोपेतून आणखी एक तास काढून घेणे होय.

येथे पुरुषांची परीक्षा आहे. पतीने पत्नीवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी, असे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात शिकविले आहे. बाजारातून पिशवी भरून आणणे, केर काढणे, फरशी पुसणे, पाणी भरणे, या कामांत स्नायूंना चांगला ताण पडतो. ती कामे पतीने व मुलांनी वाटून घेतली तर त्यांचा व्यायाम घडतो, आणि घरच्या बाईला अर्धा तास मोकळेपणाने चालता येते. एका केरसुणीने दोन देहांचे आरोग्य राखले जाते.

मंडळीलाही पुष्कळ करता येईल. अंधार पडल्यावर एकटीने चालणे अनेक भगिनींना सुरक्षित वाटत नाही. महिला मंडळाच्या चार-पाच जणींनी मिळून चालण्याची वेळ ठरवावी. उपासना मंदिराचे आवार मोठे असेल तर सायंकाळी एक तास ते खुले ठेवावे. तरुण संघाने वर्षातून एकदा भरविलेल्या खेळांच्या स्पर्धांवर समाधान न मानता वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन दर आठवड्याला चालावे. दूरच्या शहरात नव्याने बदली होऊन आलेले मराठी कुटुंब पुष्कळदा एकाकी असते. दिल्लीत, बंगळूरात किंवा सुरतेत अशा कुटुंबासोबत अर्धा तास चालणे ही देखील सेवाच आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य चालत बोलत असता प्रभू त्यांच्या संगतीने चालू लागला, हे आपण विसरू नये (लूक २४).

हवामानाचेही भान असावे. दिल्लीच्या हिवाळ्यात सकाळची हवा धुराने भरलेली असते. तेव्हा घरातच किंवा जिन्यात हालचाल करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात पहाट किंवा उशिराची सायंकाळ निवडावी. कोकणच्या पावसाळ्यात ओसरीवरच्या फेऱ्याही पुरतात.

७. तीन सूचना

पहिली सूचना देहाविषयी. ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे, अथवा जे अनेक वर्षे हललेच नाहीत, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन आरंभ करावा आणि दहा मिनिटांपासून सावकाश वाढवावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर एकाएकी उतरू शकते हे ध्यानात ठेवून जवळ काही गोड ठेवावे. पायांत नीट बसणारे बूट घालावेत व तळवे रोज पाहावेत. चालताना छातीत दुखू लागले, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, अथवा घाम फुटून गुदमरल्यासारखे वाटले, तर तत्काळ थांबून वैद्यकीय साहाय्य घ्यावे. अशा वेळी सहन करणे म्हणजे विश्वास नव्हे.

दुसरी सूचना मनाविषयी. देहाची निगा हे कारभारीपण आहे. देहाचे कौतुक ही मूर्तिपूजा होऊ शकते. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो, पण परमेश्वराचे लक्ष अंतःकरणाकडे असते, हा शमुवेलाला मिळालेला धडा आरशापुढे उभे राहताना आठवावा.

तिसरी सूचना जिभेविषयी. आजारी पडलेल्या बंधुभगिनींना "तुम्ही चालला असता तर असे झाले नसते" असे कोणी सुनावू नये. रोज चालणाऱ्यालाही आजार येतो. जन्मांध मनुष्याविषयी कोणाचे पाप, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला (योहान ९). अंथरुणाला खिळलेल्या विश्वासणाऱ्याचा देहही आत्म्याचे तितकेच पवित्र मंदिर आहे.

समारोप

त्या तपासणीनंतर मी परतीच्या प्रवासात एक थांबा आधी उतरू लागलो. आरंभी वाटे, चौदा मिनिटे गेली. काही आठवड्यांनी ध्यानात आले की ती चौदा मिनिटे गेली नव्हती, मिळाली होती. दिवसभराचा कचेरीतील राग त्या वाटेवर उतरे, आणि घरात शिरताना मी शांत असे. ज्यांच्यासाठी प्रार्थना करीन असे म्हणून मी विसरून जात असे, त्यांची नावे त्या वाटेवर आठवू लागली. मधुमेह गेला नाही. परंतु साखर आटोक्यात राहिली, आणि 'वेळ नाही' हे वाक्य माझ्या तोंडून कमी येऊ लागले.

पौल अस्सा येथे सोबत्यांना मिळाला, तारवात बसला आणि पुढच्या कामाला निघाला. पुढे बंधने व संकटे वाट पाहत आहेत, हे त्याला ठाऊक होते (प्रेषितांची कृत्ये २०:२३). तरीही एक दिवस तो चालला. आपले तारूही पुढे जाणारच आहे. कामे संपणार नाहीत. प्रश्न एवढाच की उद्याच्या प्रवासातील कोणता टप्पा आपण पायी करणार?

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कालच्या दिवसातील किती वेळ बसून गेला? त्यातील कोणता भाग काम न बिघडविता चालत घालविता आला असता?
२. १ तीमथ्य ४:८ चा अर्थ त्याच अध्यायातील पहिल्या पाच वचनांच्या प्रकाशात कसा उलगडतो?
३. 'देवाच्या कामामुळे वेळ नाही' असे आपण कधी म्हणतो? ते नेहमी खरे असते काय?
४. आपल्या घरात कोणाला विश्रांतीची आणि कोणाला हालचालीची अधिक गरज आहे? त्यासाठी कोणती कामे वाटून घेता येतील?
५. आपल्या मंडळीचे आवार, तरुण संघ व महिला मंडळ यांचा या कामी कसा उपयोग होईल?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्यासारखा देह धारण करून गालीलाच्या वाटा पायी तुडविल्यास. तू दिलेल्या देहाची आम्ही केलेली हेळसांड आम्हाला क्षमा कर. कामाच्या गर्दीत लहानशी वाट शोधण्याची बुद्धी दे, थकलेल्यांना विसावा दे, आणि आमच्या पावलांसोबत तूही चाल. आमेन.